सोलापुरात पहिला प्लांटेड टँक: २ फुटी काच, बोअरचं पाणी आणि मे महिना

पाणकाच (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात घरी पहिल्यांदाच जिवंत वनस्पतींचा टँक लावायचा आहे. टँक २ × १ × १ फूट, ५ मिमी काच, अजून रिकामा. नळाचं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, ते हौदात साठतं. बाकी वापराला बोअर. मीटरवर त्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार, पीपीएममध्ये म्हणजे लिटरला मिलिग्रॅम) ११०० दिसतो. घरात आरओ आहे. सीओटू सिलिंडर (वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड द्यायचा) घ्यायचा नाही.

शेतातली काळी माती तळाला चालेल का? पाणी कोणतं भरू? लाईट किती लागेल? आणि उन्हाळ्यात टँक टिकतो का? मासे म्हणून निऑन टेट्रा मनात आहेत.

मुळंखोडं

काळी माती नको. आपली काळी माती पाण्यात फुगते, त्यातला चिकणा भाग इतका बारीक असतो की एकदा ढवळला तर दोन-दोन दिवस खाली बसत नाही. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात, ते पाणी सतत जड करत राहतात. नर्सरीतली साधी लाल माती घ्या. "कुंडीसाठी तयार मिश्रण" म्हणून मिळतं ते घेऊ नका, त्यात निंबोळी पेंड किंवा दाणेदार खत घातलेलं असू शकतं.

तुमच्या टँकचा तळ ६० × ३० सेंमी. २.५ सेंमी थर म्हणजे साडेचार लिटर माल: साडेतीन लिटर चाळलेली लाल माती, १ लिटर जुनं, वास गेलेलं गांडूळखत. खत याहून वाढवू नका. पहिल्या महिन्यात अमोनिया तिथूनच उठतो. माती ओलसर करून थापा, आणि पुढच्या काचेपासून ३ सेंमी पट्टी मोकळी सोडा म्हणजे काचेतून चिखल दिसणार नाही. त्यावर २-३ मिमीची धुतलेली खडी, ४ सेंमी. त्याला सुमारे १२ किलो लागेल. बारीक वाळू वर टाकली तर हवा कोंडते, खाली काळं पडतं आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. माती २.५ सेंमीहून जाड केली तरी तेच होतं.

खडी, वाळू, दगड काहीही टँकमध्ये जाण्याआधी तपासा. नदीच्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे असतात. व्हिनेगरचे थेंब टाका. व्हिनेगर सौम्य असल्याने शंका राहिली तर संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचा एक थेंब टाका (हातमोजे घालून, मोकळ्या हवेत). फेस आला की ती वस्तू बाद. आपल्याकडचा काळा दगड एरवी उत्तम, फक्त त्यात पांढऱ्या शिरा असतील तर त्याच जागी थेंब टाकून बघा.

माती-खडी धरून आत पाणी ४० लिटरच्या आसपास मावेल. भरलेला टँक ७० किलोच्या वर जातो, म्हणून टीपॉयवर नको. स्टँड लेव्हलमध्ये आहे का ते बघा आणि काचेखाली १२ मिमी थर्माकोल घाला. पश्चिमेची भिंत आणि खिडकीसमोरची जागा दोन्ही टाळा.

भरताना खडीवर ताटली ठेवा, तिच्यावर पाणी हळू सोडा. आधी फक्त खडीच्या वर दोन बोटं पाणी घ्या, रोपं चिमट्याने लावा, मग उरलेलं भरा. पूर्ण भरल्यावर लावायला गेलात तर अर्धी रोपं तरंगतात आणि माती वर येते.

जडपाणी

पाण्याचं मी सांगतो, कारण सोलापुरात टँक बहुतेक वेळा इथेच फसतो.

आधी हौदाच्या पाण्याला मीटर लावा. नळाचं पाणी उजनीचं, बोअरपेक्षा बरंच हलकं असतं. ३००-४०० च्या आत आलं तर तेच भरा, आरओ मिसळायची गरज नाही. बोअरच वापरायचं झालं तर १ भाग बोअरला ३ भाग आरओ. बोअर ११०० आणि आरओ ५० धरलं तर मिश्रण ३०० च्या थोडं वर येतं. पण आरओच्या प्रत्येक बादलीमागे दोन-तीन बादल्या वाया जातात, म्हणून हौदच बरा. नुसतं आरओ भरू नका, वनस्पतींना कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं. आरओच्या नळीतून फेकलं जाणारं पाणी आणि मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरचं पाणी, दोन्ही टँकला वर्ज्य. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम घालतो. मीटरवर आकडा जवळपास तोच राहतो आणि माणूस फसतो.

हौदाबद्दल तीन गोष्टी बघा. तुरटी फिरवली आहे का? क्लोरीनचे थेंब टाकले आहेत का? आणि डासांच्या अळ्या मारायला आरोग्य खात्याचे कर्मचारी टेमेफॉस टाकून गेले आहेत का? टेमेफॉस माशांना त्या मात्रेत सहसा बाधत नाही, पण कोळंबी मरते. तसं असेल तर टँकसाठी वेगळा ड्रम भरून ठेवा.

नळ आला त्याच दिवशीचं पाणी वापरायचं झालं तर क्लोरीन मारा. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट १० ग्रॅम, १०० मिली पाण्यात विरघळवा. १० लिटरला दीड मिली पुरतं. नाहीतर उघड्या बादलीत २४ तास ठेवा, मध्ये एकदोनदा ढवळा.

मासे पहिल्या दिवशी नकोत. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. जड पाण्यात हा मुद्दा जास्त महत्त्वाचा: पीएच ७ आणि २५ अंशांना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८.२ आणि ३० अंशांना सुमारे ११ टक्के. टेस्ट किटवर रंग तोच, परिणाम वीसपट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य आले की मगच मासे.

ओळखीच्या कुणाच्या चालू टँकमधला स्पंज पिळून ते गढूळ पाणी तुमच्या फिल्टरवर ओतलं तर वेळ बराच वाचतो. फक्त त्या टँकमध्ये आजारी मासे नाहीत याची खात्री करा.

पाणकाच

दोघांचे आभार. हौदाचा टीडीएस ३४० आला. वनस्पती, लाईट आणि उन्हाळा राहिलं.

वालिस्नेरिया_फॅन

३४० म्हणजे छानच. आता पाण्याला मानवतील अशा वनस्पती घ्या, पाण्याशी भांडू नका. मागे वालिस्नेरिया (जड पाणी तिला आवडतं), हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, वॉटर विस्टेरिया. मध्ये क्रिप्टोकोरीन वेंडटी. लाकडावर किंवा दगडावर अनुबियास आणि जावा फर्न, दोऱ्याने बांधून. त्यांचं आडवं खोड खडीत पुरलं की ते कुजतं. पुढे ब्राह्मी (बकोपा) लावता येईल. ती पाण्याखालीही वाढते, पण सावकाश.

एक चूक जवळजवळ सगळे करतात: चार-पाच रोपं लावून वाढीची वाट बघतात. पहिल्याच दिवशी खडीचा निम्म्याहून जास्त भाग झाकला पाहिजे, आणि त्यात भरभर वाढणाऱ्या काड्या (हायग्रोफिला, विस्टेरियासारखी उभ्या खोडाची रोपं) जास्त हव्यात. रिकाम्या टँकमध्ये अन्न आणि उजेड दोन्ही शेवाळाच्या वाट्याला जातं. हायड्रिला किंवा हॉर्नवर्टचा एक जुडगा पाण्यात नुसता सोडून द्या, तो अमोनिया ओढतो. दोन महिन्यांनी काढून टाका.

लाईट: सीओटू नसताना लिटरला २०-२५ ल्यूमेन पुरेत, म्हणजे ४० लिटरला ८०० ते १०००. साधी २ फुटी १० वॅटची एलईडी पट्टी, ६५०० केल्विन, एवढ्यात भागतं. महागडी "ग्रो लाईट" नको. प्लगला टायमर लावा. पहिला महिना रोज ६ तास, मग हळूहळू ८. लाईट वाढवून वाढ होईल असं वाटतं, होतं शेवाळ.

मुळंखोडं

उन्हाळ्याचं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० च्या वर गेलं की घरातलं पाणी ३१-३३ अंशांवर जातं. वरची काच काढा, जाळी लावा आणि १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा पाण्यावर तिरका बसवा. सोलापूरची हवा उन्हाळ्यात कोरडी, त्यामुळे बाष्पीभवनाने २ ते ४ अंश सहज उतरतात. खोलीत कूलर चालू असेल तर हवा आधीच दमट असते, मग पंख्याचा उपयोग घटतो. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, दुपारी गार आणि संध्याकाळी गरम हा झटका माशांना जास्त नडतो.

पाणी मात्र उडतं. तुमच्या टँकमध्ये पातळी साडेपाच मिमी उतरली की १ लिटर गेलं. मेमध्ये पंख्याखाली रोज एवढं जाऊ शकतं. ही भर आरओच्याच पाण्याने करा. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. रोज १ लिटर बोअरचं घातलं तर ४० लिटरमध्ये टीडीएस दिवसाला २७ ने चढतो, महिन्यात हिशोब करून बघा. आठवड्याला १० लिटर बदलायचं ते हौदाचं. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, ते झाडांना चांगलं खत आहे.

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो, आणि रात्री वनस्पतीही ऑक्सिजनच घेतात. म्हणून फिल्टर एअर पंपावरचा स्पंजचा घ्या, रात्रंदिवस चालू ठेवा, आणि वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जवळ असू द्या. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढत असतील तर कारण हेच.

निऑन टेट्रा सोडा. त्यांना मऊ, थोडं गार पाणी लागतं. तुमच्या पाण्यात गप्पी: ६ ते ८, फक्त नर, नाहीतर पिल्लं होऊन चार महिन्यांत मोजता येणार नाहीत. आपल्याकडे डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात तोच हा मासा, जड आणि कोमट पाण्यात निवांत राहतो. गोल्डफिश अजिबात नको, रोपं उपटून खातो.

ठिबक

खतासाठी छोट्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. डाळिंबवाले ठिबकमधून सोडतात तीच विद्राव्य खतं कृषी सेवा केंद्रात किलोने मिळतात. १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ३५ ग्रॅम आणि ०:५२:३४ फक्त ३ ग्रॅम, दोन्ही मिळून ५०० मिली आरओ पाण्यात. यातलं ५ मिली म्हणजे तुमच्या ४० लिटरला साधारण ५ पीपीएम नायट्रेट आणि अर्धा पीपीएम फॉस्फेट. आठवड्यातून एकदा, पाणी बदलल्यावर. मातीत खत असल्याने पहिले दोन महिने काहीच घालू नका.

१९:१९:१९ आणि १२:६१:० चुकूनही नको. पहिल्यात युरिया आणि अमोनियाचा नत्र आहे, दुसऱ्यात सगळा नत्र अमोनियाचाच, मासे मरतील. पिकावर फवारायचं सूक्ष्म अन्नद्रव्याचं "ग्रेड २" पण नको, त्यात तांबं आणि जस्त आहे आणि कोळंबी-गोगलगायी त्याने जातात. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे. ईडीटीए आणि डीटीपीए ही लोह पाण्यात विरघळलेलं ठेवणारी रसायनं; जड पाण्यात ईडीटीए लोह लवकर निकामी होतं, डीटीपीए लोह घ्या.

पाणकाच

टँक लावून १६ दिवस झाले. क्रिप्टोकोरीनची पानं काचेसारखी होऊन विरघळताहेत, काचेवर तपकिरी थर आहे, पाणी जरा दुधाळ. अमोनिया ०.५ पीपीएम. सगळं काढून परत लावू का?

वालिस्नेरिया_फॅन

काहीही काढू नका. क्रिप्टोकोरीन जागा बदलली की पानं टाकतं. गळालेली पानं कात्रीने काढा, मुळाला हात लावू नका. दोन-तीन आठवड्यांत नवी पानं येतील. तपकिरी थर डायाटमचा (एक सूक्ष्म शेवाळ), नव्या टँकमध्ये येतोच, जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. दुधाळपणा जिवाणूंचा आहे, तो आपोआप निवळेल. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, धुवायचाच झाला तर काढलेल्या टँकच्या पाण्यात पिळा. अमोनिया ०.५ आहे तोवर आठवड्यातून दोनदा १० लिटर बदला, लाईट ६ तासच.

जडपाणी

आणि एक लाकडी काडी घेऊन खडीत दहा-बारा ठिकाणी अलगद टोचा, तळापर्यंत. छोटे बुडबुडे आले तर ठीक. सडका वास आला तर रोज थोडं थोडं टोचत राहा, एकदम सगळं ढवळू नका. गप्पी आणायची घाई नको; नायट्राइट अजून वर चढून उतरायचं आहे. दर तीन दिवसांनी मोजा आणि आकडे इथे टाका.