गोदावरीचा जुना त्रिभुज प्रदेश: ऑगाइट नाही, म्हणजे बेसाल्टचा गाळ नव्हताच?

गोदाकाठ_नाशिक:
एमएस्सीच्या प्रकल्पासाठी राजमहेंद्रीच्या खालच्या अंगाच्या एका खोल बोअरमधला वालुकाश्म तपासतोय. जड खनिजांत गार्नेट, सिलिमनाइट, झिरकॉन भरपूर. बेसाल्टमधलं पायरॉक्सीन गटातलं खनिज, ऑगाइट, जवळपास नाहीच. इकडे गंगापूर धरणाखालच्या वाळूत मात्र ऑगाइट आणि मॅग्नेटाइटचीच चलती. मग नाशिककडचा बेसाल्टचा गाळ त्या काळी तिथवर पोचत नव्हता, असं लिहिता येईल का? झिरकॉनची वयं काढून ते पक्कं करायचा विचार आहे. कार्बोनेट काढायला नमुने १०% हायड्रोक्लोरिक आम्लात धुतले, मग जड खनिजं बुडवून वेगळी करायला ब्रोमोफॉर्म हा जड द्रव.

काळा_पाषाण:
आधी थराचं वय सांगा. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. थर त्याहून जुना असेल तर प्रश्नच निकालात निघाला. नंतरचा असेल तर दुसरी अडचण: खुद्द राजमहेंद्रीजवळ ट्रॅपचे (दख्खनच्या लाव्हाचे) खडक उघडे पडलेत. उद्या ऑगाइट सापडलं, तरी ते त्र्यंबककडूनच आलं कशावरून?

जडखनिज:
ऑगाइट नसणं हा पुरावा धरू नका. खोल गाडलेल्या वाळूत ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन सगळ्यांत आधी विरघळतात, मग अँफिबोल, एपिडोट; गार्नेट बरंच उशिरा. झिरकॉन, रुटाइल, टूर्मलीन टिकतात.

कसोटी तुमच्याच स्लाइडवर आहे: हायपर्स्थीन (हेही पायरॉक्सीनच) शोधा. गार्नेट-सिलिमनाइट पूर्व घाटातल्या खोंडालाइट या रूपांतरित खडकाचं दिसतंय. त्याच्या शेजारीच चार्नोकाइट हा हायपर्स्थीनवाला खडक असतो, म्हणजे हायपर्स्थीनही यायलाच हवं. तेही गायब असेल तर पायरॉक्सीन जमिनीखालीच संपलंय, आणि बेसाल्ट होता की नव्हता हे ऑगाइटवरून ठरणार नाही. राहिलेल्या दाण्यांची टोकं करवतीसारखी दातेरी झालीत का, तेही बघा. कॅल्साइटने लवकर घट्ट झालेल्या गाठी हाती लागल्या तर वेगळ्या फोडा, आत पायरॉक्सीन वाचलेलं असू शकतं.

हायड्रोक्लोरिक मात्र थांबवा, ते जड खनिजांतलं अ‍ॅपेटाइट खातं. १०% अ‍ॅसेटिक आम्ल घ्या आणि फसफसणं थांबेपर्यंत बदलत राहा. वेळ लागतो, पण इलाज नाही.

गोदाकाठ_नाशिक:
थर ट्रॅपच्या वरचाच आहे. ब्रोमोफॉर्मऐवजी सोडियम पॉलिटंगस्टेट चालेल का? आमचा फ्यूम हूड (विषारी वाफा ओढणारं कपाट) नीट ओढत नाही.

चाळणी६३:
मग ब्रोमोफॉर्मला हातच लावू नका. पॉलिटंगस्टेट चालेल, घनता २.८५ ते २.९० ठेवा. भांडी काचेची किंवा प्लॅस्टिकची, पाणी डिस्टिल्डच. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम मिसळलं की पांढरा साका बसतो आणि महागडं द्रावण वाया जातं. वाळूत कार्बोनेट उरलं असेल तरी तेच. द्रावण दाट असल्याने बारीक दाणे फनेलमध्ये अधांतरी राहतात, त्यामुळे सेंट्रिफ्यूज बरा.

सगळ्या नमुन्यांतून ६३–१२५ मायक्रॉनचाच गट मोजा. झिरकॉन जड, म्हणून बारीक दाण्यांत जमा होतं. चाळणी बदलली की टक्केवारी बदलते आणि तो स्रोतातला फरक वाटायला लागतो. पारदर्शक दाणे निदान २०० तरी मोजा. अपारदर्शक दाणे फेकू नका. बेसाल्टचं टायटॅनोमॅग्नेटाइट असलं तर त्यांतच असेल. पॉलिश करून इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबखाली टायटॅनियम बघा.

काळा_पाषाण:
झिरकॉनवर पैसे घालण्याआधी एक. बेसाल्टात वाळूच्या आकाराचं झिरकॉन जवळपास नसतंच. वयं येतील ती १०० कोटींच्या आसपासची पूर्व घाटाची आणि २५० कोटींची नि त्यापुढची जुन्या नाइस खडकांची. निम्मा गाळ दख्खनचा असला तरी त्या आलेखात त्याचा मागमूस लागणार नाही.

बेसाल्ट झिजून मुख्यतः चिकणमाती होते, म्हणून बोअरमधले चिखलाचे थर घ्या. २ मायक्रॉनखालचा भाग वेगळा करून एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन). ग्लायकॉल दिल्यावर आलेखातलं शिखर १७ अँगस्ट्रॉमला सरकलं तर स्मेक्टाइट, म्हणजे बेसाल्ट झिजून बनणारं फुगरं चिकणखनिज. फार खोलवर त्याचं इलाइट हे दुसरं चिकणखनिज होतं, तेव्हा त्याच चिखलाची निओडिमियम समस्थानिकंही करून घ्या, ती गाळाचा स्रोत दाखवतात.

तुलनेला त्रिभुजातली आजची वाळू नको, जायकवाडी धरणात आणि दवलेश्वरमच्या बंधाऱ्याला बराच गाळ अडतो. धरणाखालचीही नको. निफाड ते नेवासे पट्ट्यात नदीच्या दरडींत जुना गाळ उघडा पडलाय, तिथली वाळू आणि चिखल दोन्ही उचला.