पॉइंट दिले तेव्हाच हिशोब धरा

काही जण म्हणतात की ॲपवर खरेदी केल्यावर ग्राहकाला देतो ते पॉइंट (पुढच्या खरेदीत सूट म्हणून वापरायचे) त्याने वापरले की मगच हिशोबात घ्यायचे, तोवर वहीत काही नाही. मला हे अजिबात पटत नाही, आणि आपल्या रत्नागिरी-देवगडच्या आंबावाल्यांनी तर असं करूच नये, कारण पॉइंट वाटणार एप्रिल-मेमध्ये आणि गिऱ्हाईक ते वापरणार पुढच्या सीझनला, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात, मग यंदाचा नफा उगाच फुगलेला दिसतो.

मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१८ पासून इंड एएस ११५ (विक्रीचं उत्पन्न कधी आणि किती धरायचं याचं हिशोबाचं स्टँडर्ड) लागू आहे, त्यात पॉइंट म्हणजे ग्राहकाला दिलेलं वेगळं वचन. समजा १००० रुपयांचा बॉक्स, त्यावर प्रत्येकी एक रुपया किमतीचे १०० पॉइंट, त्यातले ८० वापरले जातील असा अंदाज. तर १००० रुपये १०००:८० या प्रमाणात वाटायचे, आज विक्री ९२५.९३ आणि ७४.०७ देणं म्हणून बाजूला. छोट्या धंद्याला हे स्टँडर्ड लागत नसलं तरी एक्सेलमध्ये तरी ठेवाच.

आणि माल बागायतदाराचा, तुमचं फक्त २० टक्के कमिशन असेल तर अजून जपून, कारण कमाई २०० आणि पॉइंट मात्र पूर्ण १००० वर! ८० तिथे गेले, पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचे) समजा २०, डिलिव्हरीतली सूट ५०, हातात ५०, त्यात जाहिरात धरलेलीच नाही. पॉइंट कमिशनच्या टक्क्यात ठरवा, बिलाच्या नको.