मदत हवी आहे : कोलोस्टॉमी झालेल्या तान्ह्या बाळाच्या त्वचेची काळजी

सप्रेम नमस्कार. आम्ही इंदूरला राहतो. आमच्या पाच महिन्यांच्या मुलीला जन्मतः हिर्शस्प्रुंग हा आजार आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी नसल्यामुळे तो भाग सैल होत नाही आणि शी पुढे सरकत नाही. साधारण ५००० बाळांमागे एखाद्याला होणाऱ्या या आजाराचे निदान बायोप्सीने पक्के झाल्यावर तिच्या पोटावर कोलोस्टॉमी करण्यात आली असून (म्हणजे आतड्याचे तोंड पोटावर उघडले असून शी तिथे चिकटवलेल्या पिशवीत जमा होते), वजन पुरेसे वाढले की सदोष भाग काढून निरोगी आतडे खाली जोडण्याची शस्त्रक्रिया होणार आहे.

सध्याची खरी अडचण उन्हाळ्याची आहे. घामाने पिशवीची त्वचेला चिकटणारी चकती एका कडेने सुटते, शी झिरपते आणि त्वचा इतकी लालबुंद होते की नुसते कापड टेकवले तरी ती कळवळून रडते. आम्ही कोमट पाण्याने धुऊन, मलमलीने टिपून, माप घेऊनच चकती कापतो. सासूबाईही मालिश करताना तेल तिथवर जाऊ देत नाहीत, कारण तेलकट त्वचेवर चकती धरतच नाही.

तान्ह्या बाळांच्या मापाच्या पिशव्या इंदुरात कुठे मिळतात? सोललेल्या त्वचेवर स्टोमा (पोटावरचे आतड्याचे तोंड) पावडर कोणी वापरली आहे का? पोट फुगणे, ताप आणि दुर्गंधीयुक्त पातळ शी दिसताच रुग्णालय गाठायचे, हे डॉक्टरांनी बजावले आहेच. परंतु दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर वारंवार शी होऊन बसायची जागा सोलवटते असे ऐकतो, तेव्हा यातून गेलेल्या आईवडिलांनी तो काळ कसा निभावला, हे कृपया सविस्तर लिहावे.