अनुभवी माणूस रिटायर होतोय, त्यांच्या डोक्यातलं कसं उतरवून घ्यायचं?

पॅकिंग_लाइन:
नमस्कार मंडळी. आमच्या पॅकिंग लाइनवर मेंटेनन्सला एक काका आहेत, २८ वर्षं झाली त्यांना, आणि आता तीन महिन्यांत रिटायर होतायत. लाइन बंद पडली की सगळे आधी त्यांनाच फोन लावतात, रात्रपाळीतसुद्धा. मॅनेजर म्हणाले त्यांच्याकडून सगळं लिहून घे आणि शेअर्ड ड्राइव्हवर टाक. मी छान टेम्प्लेट करून दिलं, पंधरा दिवसांनी त्यांनी दीड पान आणून दिलं आणि त्यातलं सगळं मशीनच्या मॅन्युअलमध्ये आधीच आहे. ते लपवत नाहीयेत हो, विचारलं की भरभरून सांगतात, पण कागद समोर आला की काही सुचतच नाही त्यांना.

परवाचंच सांगते. खोक्यांचे फ्लॅप चिकटत नव्हते, आम्ही सगळे ग्लूचं तापमान वाढवत बसलो होतो, काका आले, त्यांनी पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यातून एक खोकं काढलं, हातात वाकवून बघितलं आणि म्हणाले पुठ्ठ्याने ओल धरलीय, दुसरा गठ्ठा लावा. झालं, लाइन चालू. आता हे टेम्प्लेटच्या कुठल्या रकान्यात लिहू? आणि ड्राइव्हवर एकाच एसओपीच्या (काम करायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) चार फाइली आहेत, फायनल, फायनल २, नवीन फायनल आणि एक कुणाच्यातरी नावाची. एखादं सॉफ्टवेअर घ्यावं का?

जुना_फिटर:
ताई, त्यांना लिहायला लावूच नका. तुम्ही लिहा, त्यांना बोलू द्या. आणि "सगळं सांगा" असं तर अजिबात म्हणू नका, त्याने माणूस गोंधळतो. ब्रेकडाउन रजिस्टर काढा, गेल्या वर्षातले सगळ्यात जास्त वेळ खाल्लेले दहा-बारा बिघाड निवडा आणि एकेक घेऊन बसा. आधी काय वाटलं होतं, काय बघितलं, काय ऐकलं, कुठे हात लावला, आणि नवखा पोरगा असता तर काय चुकला असता. हा शेवटचा प्रश्न विसरू नका, खरा माल तिथेच निघतो.

तरी काही गोष्टी बोलूनही निघत नाहीत. जपानच्या मात्सुशिता कंपनीचा एक किस्सा आहे १९८५ चा. घरगुती ब्रेड मशीन बनवत होते, पण ब्रेड आतून कच्चा आणि बाहेरून करपलेला. कणकेचे एक्स-रे काढून पाहिले तरी उलगडा होईना. शेवटी त्यांच्या सॉफ्टवेअर विभागातल्या एक बाई ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की तो कणीक ताणताना एक विशिष्ट पीळ देतो. तो पीळ मशीनमध्ये आणायला भांड्याच्या आतून खास कंगोरे दिले तेव्हा कुठे ब्रेड जमला. म्हणून म्हणतो, दोन पोरं आत्ताच काकांसोबत लावा, आणि शेवटच्या महिन्यात उलटं करा, हात पोरांचे आणि काका फक्त बाजूला उभे.

क्वालिटी_डेस्क:
वरच्या दादांशी सहमत, पण एक जोडते. तुमच्याकडे आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) असेल तर २०१५ च्या आवृत्तीत कलम ७.१.६ याच विषयाचं आहे, कामाला लागणारं ज्ञान ओळखा, टिकवा आणि गरजूला मिळेल असं ठेवा. मॅनेजरकडे वेळ मागताना ते दाखवा, उपयोग होतो.

आणि नुसत्या कृतीवर थांबू नका, त्या वेळची परिस्थिती पण नोंदवा, पुठ्ठ्याचा लॉट कुठला, किती दिवस पडून होता, हवा कशी होती. अमेरिकेत डब्ल्यू-७६ या अण्वस्त्राचं नूतनीकरण करताना फॉगबँक नावाचा पदार्थ पुन्हा बनवायची वेळ आली तेव्हा नोंदी अपुऱ्या आणि जाणकार जवळजवळ सगळे निवृत्त झालेले. प्रक्रिया परत उभी केली तरी पदार्थ पहिल्यासारखा होईना. खूप पैसा आणि वर्षं गेल्यावर कळलं की जुन्या कच्च्या मालात एक अशुद्धी होती आणि तीच गरजेची होती, नव्या पद्धतीत सफाई चांगली झाल्यामुळे ती निघून जात होती. पूर्वी बनवणाऱ्यांनाही हे माहीत नव्हतं! म्हणजे काकांना जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच लिहिलं तर पुरणार नाही.

फाइलींचं म्हणाल तर आजच एक ठेवा, बाकीच्या जुन्या म्हणून वेगळ्या फोल्डरला हलवा. राहिलेल्या फाइलीच्या पहिल्या ओळीत जबाबदार माणसाचं नाव आणि पुढच्या तपासणीची तारीख.

रात्रपाळी_०७:
सॉफ्टवेअरची घाई नको. माझ्या आधीच्या कंपनीत महागडं पोर्टल घेतलं, सहा महिन्यांनी त्यात फक्त सुट्ट्यांची यादी उरली, कारण मशीनपासून कॉम्प्युटर शंभर पावलं लांब आणि पासवर्ड दोघांकडेच. आम्ही शेवटी मशीनच्या पॅनेलवर क्यूआर कोड चिकटवला, स्कॅन केला की त्याच मशीनच्या टिपा उघडतात, आणि खाली ज्याने शोधलं त्याचं नाव. झेरॉक्सच्या दुरुस्तीवाल्या तंत्रज्ञांची युरेका नावाची प्रणाली होती, त्यातही टिप आधी जाणकार सहकारी तपासायचे आणि टिपेसोबत देणाऱ्याचं नाव लागायचं. नाव लागलं की माणूस मनापासून लिहितो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पॅकिंग_लाइन:
खूप खूप आभार सगळ्यांचे. आज रजिस्टर घेऊन बसले काकांसोबत, एका तासात तीनच बिघाड झाले पण सहा पानं भरली. ओल्या पुठ्ठ्याचं विचारलं तर म्हणाले कोरडं खोकं घडीवर दुमडताना आवाज करतं, दमट मुकाट वाकतं. मग उठून स्टोअरमधून दोन्ही आणली आणि माझ्या हातात दिली. खरंच फरक कळतो! उद्या दोन्ही पोरांना बसवतेय सोबत, आणि ते आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून क्यूआरला जोडता येतील का ते रात्रपाळी दादा जरा सांगाल?