'साबर बोंडं' आणि 'दशावतार': एकाच आठवड्यात दोन्ही पाहिले, आता भांडा

कोपऱ्यातली खुर्ची (धागाकर्ता)

सर्वपित्रीचा रविवार, दुपारी साडेबाराचा शो. घरी अळूची भाजी, वडे, खीर असं पान वाढायच्या बेतात असताना सिनेमाला निघणाऱ्या माणसाला काय म्हणतात, ते बायकोने दारातच ऐकवलं. नाशिकच्या थेटरात माझ्यासकट नऊ जण. मोजायला निवांत वेळ होता म्हणून मोजले.

सिनेमा 'साबर बोंडं'. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: रोहन कानवडे यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांमधला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. वडील गेले म्हणून मुंबईचा आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो. नातेवाइकांचं एकच टुमणं, लग्न कधी करतोस. तिथे त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो, तोही लग्न टाळत आलेला. दोघांचा एकमेकांवर जीव जडतो. एवढंच. पार्श्वसंगीत अजिबात नाही. कॅमेराही बहुतेक वेळ एका जागी, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. आपण काय करतोय ते नुसतं बघत राहतो.

आता गंमत ऐका. शेजारच्या पडद्यावर 'दशावतार' सुरू होता, तुडुंब. इकडे ही दोघं न बोलता बसलेली, वाऱ्याचा आवाज, आणि भिंतीतून धाड धाड ढोल. आनंदने मान वळवली की ढोल. बाळ्या हसला की ढोल. पुढच्या रांगेतला एक जण उठून भिंतीला हात लावून आला. थरथरतेय, म्हणाला.

'दशावतार' मी आदल्या गुरुवारी पाहिला होता. दिलीप प्रभावळकर हा सिनेमा आला तेव्हा, २०२५ मध्ये, ८१ वर्षांचे होते. त्यांचा बाबुली मेस्त्री, हा दशावतारी खेळे करणारा म्हातारा, बघताना मी दोनदा चष्मा पुसला. पण सिनेमा त्यांना एकटं सोडतच नाही. डोळ्यांनी काही सांगायला लागले की वाद्यं मध्ये बोलतात. रडायचं कुठे, हे मला आधी कळवलं जातं.

माझं म्हणणं असं की आपल्याला गप्प बसणं जमत नाही. सिनेमा करणाऱ्यांनाही नाही, बघणाऱ्यांनाही नाही. या, बोला.

सिडकोचा सीटीवाला

नऊ जण होते, यातच उत्तर आलं की भो.

मी अंबडच्या कारखान्यात आठ तास प्रेस मशीनसमोर उभा असतो. कानात बोळे घालून. घरी येतो तेव्हा पोरं झोपलेली, शांतताच शांतता. मग दोनशेवीस रुपये देऊन मी अजून शांतता का विकत घेऊ? मला हादरायचंय. 'दशावतार'ला आम्ही सहा जण गेलो, आजीला धरून. आजी बऱ्याच वर्षांनी थेटरात आली होती. उत्तरार्धात एकेक अवतार यायला लागला तशी तिने खुर्चीतूनच हात जोडले. मागून कोणीतरी शिट्टी मारली, ती मीच मारली. रडायचं कुठे हे सिनेमाने सांगितलं तर बिघडलं काय? कीर्तनकारही टाळ वाजवूनच सांगतो ना?

मिसळ विदाउट पाव

पार्श्वसंगीत नको, मान्य. पण काही घडायला हवं की नको? 'साबर बोंडं' बघताना घड्याळ पाहिलं, चाळीस मिनिटं झाली होती. बऱ्याच वेळाने पुन्हा पाहिलं, त्रेचाळीस.

येवलेकरीण

मिसळभाऊ, तुम्ही साबरबोंडं खाल्लेलं नाही वाटतं कधी.

फड्या निवडुंगाची लालजांभळी फळं असतात ती. आमच्याकडे बांधाला होती. मोठा काटा दिसतो तरी, खरा त्रास बारीक कुसांचा. फळ चिमट्याने नाहीतर दोन काड्यांत धरून तोडायचं, पोत्यावर घोळायचं, मग मातीत घासायचं, मग फुंकर. तरी एखादं कूस ओठात राहतंच आणि दोन दिवस जिभेला लागत राहतं. आत लालभडक गर आणि नुसत्या बिया. मी पहिल्यांदा भरपूर खाल्ली तेव्हा दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली, आई घाबरून डॉक्टरकडे घेऊन निघाली होती.

हे फळ घाईने खाताच येत नाही. नाव उगाच नाही ठेवलेलं. सिनेमा घडत नाही म्हणता, तिथे कुसं काढणं चालू असतं.

मिसळ विदाउट पाव

उपमा झकास आहे ताई. पण उपमा तुम्ही दिलीत, सिनेमाने दिली असती तर मी जागा राहिलो असतो.

नाव नको

एक प्रांजळ प्रश्न. विषय ऐकून विचारतोय. घरच्यांना घेऊन जाण्यासारखा आहे का? दोन पुरुषांचं प्रेम वगैरे आपल्या संस्कृतीत बसतं का, हा वाद मला घालायचा नाही. पण आईच्या शेजारी बसून बघायचं म्हणजे अवघडल्यासारखं होणार.

येवलेकरीण

मी सासूबाईंना घेऊन गेले होते. सांगितलं नव्हतं कशावर आहे. त्याही अवघडल्या असतील, पण बोलल्या त्या वेगळंच. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाल्या, "त्या पोराच्या आईला सगळं ठाऊक होतं, आणि ती त्याच्या बाजूने होती. तेवढी एक बाई घरात असली की पुष्कळ झालं." मग द्वारका चौकापर्यंत गप्प. त्यांच्या मनात कोण होतं, मी विचारलं नाही.

रामकुंडकर

मी या विषयात तज्ज्ञ आहे, विनोद नाही. गोदावरीकाठी रामकुंडाजवळ घर आहे आमचं. दशक्रियेला बाहेरगावाहून येणारी माणसं तीन पिढ्या बघतोय. मुंडण, पिंड, आणि मग कावळ्याची वाट. ती वाट बघण्यात अर्धा तास, कधी तासभर जातो. त्या वेळात माणसं काय बोलतात सांगू? पहिली पाच मिनिटं गेलेल्याचं चांगलं. मग बांधाचा वाद. मग कोणीतरी आत्या हळूच म्हणते, "पोराचं वर्षाच्या आत उरकून घ्या, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल." नवरदेव डोक्याचं मुंडण करून ओल्या पंच्यात कुडकुडत उभा, आणि त्याच्यासमोर त्याचं लग्न ठरतंय. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नाही.

म्हणून धागाकर्त्यांना अर्धा विरोध. सुतकाचे दहा दिवस शांत नसतात हो. इतका कलकलाट वर्षभरात नसतो. भांडी, रडणं, चहाच्या फेऱ्या, मोबाइलवर पत्ते सांगणं. सिनेमातल्या घरात माणसं सावकाश बोलतात, एकाने बोलून झाल्यावर दुसरा बोलतो. अशी सुतकं मी पाहिली नाहीत. शांतता गावाची नाही, दिग्दर्शकाची आहे.

कोपऱ्यातली खुर्ची (धागाकर्ता)

रामकुंडकर, हा मुद्दा लागला. पण आनंदला त्या कलकलाटातलं काही ऐकूच येत नसेल तर? बाप गेल्यावर पहिले काही दिवस मला लोकांचे ओठ हलताना दिसायचे फक्त. २०१९ ची गोष्ट. कोण आलं, काय बोललं, काही आठवत नाही. पंख्याचा आवाज आठवतो.

रामकुंडकर

मग ठीक आहे. म्हणजे सिनेमा ठीक आहे असं नाही, तुमचं ठीक आहे.

जुनी रिळं

वयाने बहुधा सगळ्यांत मोठा मीच, त्यामुळे थोडं लांबेल.

शांततेचं एवढं कौतुक नाशिककरांनी तरी करू नये. दादासाहेब फाळके आपले, त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थेटरात लागला, तो मूकपट. पण मूकपट म्हणजे मुकं थेटर नव्हे. पडद्याजवळ पेटी-तबला घेऊन माणसं बसायची, पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारे असायचे, पब्लिक बोलायचं. आवाज पहिल्या दिवसापासून आहे, फक्त तो फिल्मवर नव्हता. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात नुसता फेरफटका मारून येता, कधीतरी हेही आठवा.

मी विजयानंदमध्ये सिनेमे पाहिलेत. विजयानंद म्हणजे तेच नाट्यगृह, जिथे अनंत कान्हेरेंनी १९०९ साली 'शारदा' नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. पुढे तिथे सिनेमे लागायचे. आमच्या वेळी गाणं लागलं की पडद्यावर चिल्लर पडायची. डोअरकीपर मध्यंतरात बॅटरी घेऊन ती वेचायचा, आणि आम्ही पोरं त्याच्या आधी. तिथे तुमचा 'साबर बोंडं' लावला असता तर दहाव्या मिनिटाला खुर्च्या मोडल्या असत्या. आणि खुर्च्या मोडणारे लोक बिनडोक नव्हते.

जाता जाता 'नाव नको' यांना: फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये, १९१७ साली, अण्णा साळुंके या एकाच गृहस्थांनी राम आणि सीता दोन्ही केले. लोक त्या पडद्यापुढे हात जोडायचे. 'दशावतार'मध्येही लुगडं नेसून पुरुषच उभा राहतो. आपल्याला नक्की कशाने अवघडतं, ते एकदा तपासून घ्या.

नाव नको

काका, नाटकातलं सोंग वेगळं आणि हे वेगळं. पण विचार करतो.

मालेगाव लोकल

जिल्ह्यातून एक मत. थेटरातल्या आवाजाचं आम्हाला सांगू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'टायगर ३'ला आमच्याकडे चालू खेळात रॉकेट सोडली होती लोकांनी. आतमध्ये. बातम्या देशभर झाल्या, पोलीस केस झाली. एवढं प्रेम कुठे करतात सिनेमावर? आणि एवढा मूर्खपणा?

तरी सीटीवाल्या भावाला सांगतो, माझा जन्म यंत्रमागाच्या खोलीशेजारचा. रात्रंदिवस खटखट. शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा कानात नुसतं सुंऽऽ होतं. लहानपणी मला शुक्रवारची भीती वाटायची. आता तेवढाच एक दिवस आवडतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये, मालेगावात हौशी सिनेमे करणाऱ्या आमच्या नासिर शेख यांच्यावरचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला, तोही मी नंतर शुक्रवारीच पाहिला, मोबाइलवर. त्यातही शिट्ट्या आहेत, पण माझ्या लक्षात राहिली ती दोस्त आजारी पडल्यावरची चुप्पी. प्रेस मशीनवाल्यालाच चुप्पी जास्त कळायला पाहिजे, असं आपलं मला वाटतं.

सिडकोचा सीटीवाला

मालेगावभाऊ, मुद्दा पोचला. पण शुक्रवार फुकट मिळतो. थेटरात तिकीट पडतं.

आणि तिकिटाचंच बोला ना सगळे, सारखं रसिकता रसिकता काय. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के केला म्हणे. छान. शंभरच्या आत तिकीट शहरात कुठे आहे ते दाखवा. शंभरच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के तसाच. सहा माणसं, पॉपकॉर्न, येता-जाता रिक्षा, दोन हजाराची नोट असती तर मोडली असती. एवढे घालून मी जुगार का खेळू? प्रभावळकर आहेत म्हणजे पैसे बुडणार नाहीत, हे मला माहीत आहे. नवीन पोराच्या सिनेमावर पैसे लावायचे तर ते तुम्ही लावा, तुमच्या सर्वपित्रीला.

येवलेकरीण

हे मात्र खरं. नवऱ्याने मला हेच विचारलं होतं, "पुरस्कार मिळालाय म्हणजे झोप येणार ना?"

कोपऱ्यातली खुर्ची (धागाकर्ता)

पैशांबद्दल तुम्ही बरोबर आहात, तिथे मी भांडणार नाही. पण मग त्याला साडेबाराची वेळ का? सर्वपित्रीच्या जेवणाच्या वेळी शो लावायचा, नऊ जण आले की म्हणायचं, बघा, मराठी माणसाला नको आहे. या सिनेमाला संध्याकाळी सातचा एक शो मिळून तो रिकामा गेला असता तर मी गुमान ऐकून घेतलं असतं.

आणि जुनी रिळं काका, एक विचारतो. तो पेटी-तबला समोर बसून वाजवणारा माणूस पडद्याकडे बघत वाजवायचा ना? तो थांबूही शकत होता. आता वाद्यवृंद थांबत नाही, एवढीच माझी तक्रार.

जुनी रिळं

थांबू शकत होता. थांबायचा असं कोण म्हणालं? पगारावर होता तो.

मिसळ विदाउट पाव

काका जिंकले, धागा बंद करा.

रामकुंडकर

बंद नका करू. शुक्रवारपासून 'साबर बोंडं'चा एकच शो उरतोय, सकाळी ९:५०. मी आईला नेतोय. दशक्रियेच्या चुका ती माझ्यापेक्षा चांगल्या काढेल.

सिडकोचा सीटीवाला

माझी दुसरी पाळी असते, त्यामुळे ९:५० ला मोकळा आहे. येतो. खुर्चीवाले भाऊ तिकीट काढणार असतील तर. अट एक. त्यांनी माझ्याबरोबर 'दशावतार' परत बघायचा, चौथ्या रांगेत, पोरांच्या मध्ये बसून.

कोपऱ्यातली खुर्ची (धागाकर्ता)

चौथ्या रांगेत मान आखडते. सातवी?

सिडकोचा सीटीवाला

पाचवी. आणि शेंगदाणे मी आणणार, दोन्हीला.

येवलेकरीण

'साबर बोंडं'ला सोललेले आणा. टरफलांचा आवाज शेजारच्या ढोलापेक्षा जास्त येईल.