‘आवश्यक’ की ‘अपरिहार्य’? 1819 च्या बँक-निकालातील एक शब्द

प्रश्न

मॅककलॉक विरुद्ध मेरीलँड या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 6 मार्च 1819 च्या निकालाचा गोषवारा मराठीत लिहिताना एका शब्दापाशी अडलो आहे. काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) 1816 मध्ये सनद दिलेल्या दुसऱ्या राष्ट्रीय बँकेच्या बाल्टिमोर शाखेने नोटा राज्याच्या मुद्रांकित कागदावर काढाव्यात, नाहीतर वर्षाला 15,000 डॉलर भरावेत, असा कायदा मेरीलँडने केला होता. शाखेचे रोखपाल जेम्स मॅककलॉक यांनी यांपैकी काहीच केले नाही. राज्याने त्यांच्यावर दावा लावला, पण सर्वोच्च न्यायालयाने निकाल बँकेच्या बाजूने दिला. अमेरिकेच्या संविधानात बँकेचा उल्लेख नाही. मात्र दिलेले अधिकार अमलात आणण्यासाठी ‘नेसेसरी अँड प्रॉपर’ असे कायदे काँग्रेसला करता येतील, असे कलम आहे. मी त्याचे भाषांतर ‘अपरिहार्य आणि योग्य’ असे केले आहे. ते चालेल का?

प्रतिसाद 1

‘अपरिहार्य’ लिहिलेत तर खटल्याचा निकाल भाषांतरातच लागतो, आणि तोही हरलेल्या बाजूने. हा वाद 1819 च्या बराच आधीचा आहे. फेब्रुवारी 1791 मध्ये पहिल्या राष्ट्रीय बँकेचे विधेयक सहीसाठी आले तेव्हा राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी सहकाऱ्यांची लेखी मते मागवली. परराष्ट्रमंत्री जेफरसन यांचे म्हणणे असे की, करवसुली बँकेवाचूनही होऊ शकते, बँकेमुळे ती फार तर सोयीची होईल, आणि सोयीचे ते सारे आवश्यक मानले तर अधिकारांना मर्यादाच उरणार नाही. अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी उत्तर दिले की, रोजच्या बोलण्यात ‘नेसेसरी’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा उपयोगी, गरजेचे, कामाला पोषक एवढाच असतो. वॉशिंग्टन यांनी 25 फेब्रुवारीला सही केली.

सरन्यायाधीश मार्शल यांनी हॅमिल्टन यांची बाजू उचलली, पण त्यांचा खरा आधार संविधानातच होता. राज्यांनी आयात-निर्यातीवर जकात बसवू नये असे सांगताना, तपासणीच्या कायद्यांसाठी ‘ॲब्सोल्यूटली नेसेसरी’ असेल तेवढी सूट तिथे दिली आहे. नुसत्या ‘नेसेसरी’चा अर्थच ‘ज्यावाचून चालणारच नाही’ असा असता, तर दुसऱ्या ठिकाणी त्याला जोर देणारे विशेषण लावण्याचे कारण नव्हते. मराठीत हे चटकन पटते, कारण आपण ‘आवश्यक कागदपत्रे’ म्हणतो आणि ‘अत्यावश्यक सेवा’ही म्हणतो, पहिल्या शब्दात दुसऱ्याचा सगळा जोर असता तर ‘अति’ जोडावे लागले नसते. म्हणून ‘आवश्यक’ असेच लिहा.

जाता जाता: त्या काळचा बँकेचा ‘कॅशियर’ म्हणजे खिडकीमागे पैसे मोजणारा रोखपाल नव्हे, शाखेचा रोजचा कारभार तोच पाहत असे. ‘कारभारी’ अधिक जवळचे ठरेल.

प्रतिसाद 2

निष्कर्ष मान्य आहे, पण ‘आवश्यक’ वाटतो तितका मवाळ शब्द नाही. ‘अवश्य’ म्हणजे जे वश नाही, आपल्या इच्छेवर नाही, टळणार नाही. व्युत्पत्ती पाहिली तर हा शब्द जेफरसन यांचा आहे. वापर पाहिला तर हॅमिल्टन यांचा. लग्नपत्रिकेत ‘अवश्य यावे’ असे छापतात, म्हणून न येणाऱ्यावर कोणी दावा लावत नाही. दोन्ही छटा एका शब्दात राहतात म्हणूनच तो इथे हवा. ‘जरुरीचे’ किंवा ‘उपयुक्त’ लिहिले तर पारडे उलट बाजूला झुकेल.

‘प्रॉपर’साठी मात्र ‘योग्य’पेक्षा ‘उचित’ बरा वाटतो. ‘योग्य’ कुठेही चालतो, अगदी ‘योग्य ती कार्यवाही करावी’ या शेऱ्यातही, जिथे त्याला काहीच अर्थ उरलेला नसतो. मार्शल यांच्या युक्तिवादात या दुसऱ्या शब्दालाही काम आहे: ज्यावाचून चालतच नाही अशाच साधनांना मुभा असती, तर पुढे ‘आणि उचित’ म्हणण्याचे प्रयोजन काय, असे ते विचारतात.

प्रश्नकर्ता

दोघांचे आभार. मसुद्यात ‘आवश्यक आणि उचित’ असा बदल केला आहे, आणि मॅककलॉक आता ‘कारभारी’ झाले आहेत. जकातीच्या कलमात आधी ‘अत्यावश्यक’ लिहिले होते, पण तो शब्द वाचला की रुग्णवाहिका आणि दूधपुरवठा डोळ्यांपुढे येतो. शिवाय मार्शल यांचा मुद्दा तोच शब्द दोनदा दिसण्यावर उभा आहे. त्यामुळे तिथे ‘नितांत आवश्यक’ ठेवतो आहे.

राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी 10 जुलै 1832 रोजी बँकेच्या सनदेचे नूतनीकरण नाकारले, तो भागही याच शब्दामुळे फिरून लिहावा लागला. आवश्यकता किती, हे न्यायालयाने काँग्रेसवर सोपवले आहे, म्हणजे त्याचा निर्णय काँग्रेसने आणि राष्ट्राध्यक्षांनीच करायचा, असे त्यांनी नकाराच्या संदेशात म्हटले होते. माझ्या जुन्या मसुद्यात तिथे ‘अपरिहार्यता किती’ असे होते, आणि अपरिहार्यतेला कमी-जास्त प्रमाण नसते, हे तेव्हा माझ्या लक्षातच आले नव्हते.