तीन कन्सोल, दोन पोरं, एक पगार

सदाशिवातला_गेमर
नोव्हेंबर 2021 मध्ये केवळ फोर्झा होरायझन 5 या गाड्यांच्या शर्यतीच्या खेळासाठी मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस हा कन्सोल (टीव्हीला जोडायचं खेळाचं मशीन) घेतला, 34,990 ला. आता पोराला स्पायडरमॅन 2 हा खेळ हवाय. तो एक्सबॉक्सवर येतच नाही, म्हणजे सोनीचा पीएस5 घेणं आलं. डिस्कवाला भारतात आला तेव्हा 49,990 होता, पुढे 54,990 झाला. धाकटीला झेल्डा, तो फक्त निन्टेंडोच्या स्विचवर. निन्टेंडो इथे अधिकृतपणे विकतच नाही, तेव्हा बाहेरून आलेला स्विच शोधत तापकीर गल्ली पालथी घाला आणि वॉरंटी देवाच्या भरवशावर सोडा. डीव्हीडी कुठल्याही कंपनीच्या प्लेअरवर चालायची की नाही? ही सरळ अडवणूक आहे.

कर्वेनगरचा_काका
कसली अडवणूक? तिन्ही घ्या म्हणून कोणी दारात बसलं होतं का? स्पायडरमॅन बनवणारी इन्सॉम्नियॅक 2019 पासून सोनीची. पैसा त्यांनी घातला, खेळ त्यांच्या मशीनवर. एका खाणावळीचा रस्सा दुसरीत मागता का? शिवाय कन्सोल सुरुवातीला तोट्यात विकतात. डिस्कवाल्या पीएस5 वरचा तोटा संपल्याचं सोनीने ऑगस्ट 2021 मध्ये सांगितलं. ही भरपाई खेळांतून होते. सगळं सगळीकडे मिळायला लागलं तर मशीन स्वस्तात कोण देईल?

रात्रपाळी_हिंजवडी
घरचा खेळ घरच्याच मशीनवर, इथपर्यंत मान्य. बेथेस्डा या खेळ बनवणाऱ्या कंपनीचं काय मग? त्यांचा फॉलआउट 4 पीएस4 वरही होता. मायक्रोसॉफ्टने 2021 मध्ये साडेसात अब्ज डॉलरला त्यांची मूळ कंपनी घेतली आणि 2023 मध्ये बेथेस्डाचा स्टारफील्ड आला तो फक्त एक्सबॉक्स आणि पीसीवर. काका, हा घरी रांधलेला रस्सा नव्हे. शेजारची खाणावळ विकत घेऊन जुन्या गिऱ्हाइकांना उठवलंय.

कर्वेनगरचा_काका
हा एक मुद्दा सोडला. बाकीचे नाही.

एबीसी_वाला
मशीनवर काय भांडताय, खरा खड्डा खेळांनी पडतो. पीएस5 चा नवा मोठा खेळ 4,999. वर्षाला पाच घेतले की दोन वर्षांत कन्सोलएवढे पैसे गेले. ऑनलाइन खेळायला पीएस प्लसची वर्गणी वेगळी (फुकटवाले खेळ सोडून). मी आपली अप्पा बळवंत चौकातली जुन्या पुस्तकांची रीत लावतो: जुनं घ्या, संपवा, विका. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकची डिस्क 2,200 ला घेतली, दोन महिन्यांनी 1,900 ला दिली. तीनशे रुपयांत अख्खा खेळ.

सदाशिवातला_गेमर
सल्ला लाखाचा, पण सिरीज एसला डिस्क घालायला फटच नाही हो!

निवांत_पीसी
मग कळ काढा. गॉड ऑफ वॉर 2018 चा, पीसीवर जानेवारी 2022 मध्ये आला. स्पायडरमॅन 2 पंधरा महिन्यांत आला. आणि तुमचा फोर्झा होरायझन 5 एप्रिल 2025 पासून पीएस5 वर आहे.

सदाशिवातला_गेमर
काय सांगता! ज्याच्यासाठी एक्सबॉक्स घेतला तोच?

कर्वेनगरचा_काका
घ्या. कंपन्या आपणहूनच भिंती पाडतायत.

सदाशिवातला_गेमर
पाडतायत, पण माझे 34,990 आतच राहिले ना. आणि कळ मी काढेन, पोरगा कसा काढणार? वर्गात सगळ्यांनी त्याला शेवटसुद्धा सांगून टाकलाय. झेल्डा तर पीसीवरही येत नाही, धाकटीला काय सांगू?

एबीसी_वाला
डिस्कवाला पीएस5 घेतलात तर कळवा. स्पायडरमॅन 2 माझ्याकडे पडून आहे. 2,000, घासाघीस नाही.

सदाशिवातला_गेमर
1,700.